पाटावरून उठवलेलं पुस्तक

अन्याय वत्सला गवारी यांच्यावर झाला. दोन वर्षांपूर्वी, दिव्याच्या अवसेनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या चहाच्या जरा आधी, लोणावळ्यातल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात. करणाऱ्याचं नाव मी नानासाहेब एवढंच लिहितो, कारण तिथं सगळे त्यांना तेवढंच म्हणतात. पत्रक कसं लिहायचं हे मला ज्यांनी शिकवलं ते सांगायचे की कोण, कधी, कुठं आणि कुणी केलं हे वर लिहून टाक, कारण खालचं कुणी वाचेलच असं नाही. तर लिहून टाकलं. ज्यांना एवढ्यावर थांबायचं असेल त्यांनी थांबावं.

यंदा ती अवस पुन्हा आली. आषाढ संपता संपता आमच्या मावळात सगळं मऊ पडतं. काडी ओढली की गूल निघून बोटाला लागतो, बरणीतलं मीठ पाणी सोडतं, लोणावळ्याची चिक्की कागदासकट खावी लागते. आणि पुस्तकं फुगतात. बांधणीची खळ सुटते, पुठ्ठ्यावर पांढरी लव चढते. उन्हाळ्यात पान उलटलं तर आवाज होतो, आषाढात होत नाही. ते बोटांवर ओल्या फडक्यासारखं लोंबत राहतं. काल रॉकेलच्या रांगेतून घरी आलो, फळीवरचं एक पुस्तक काढलं आणि तो वास आला. या वासानं लोकांना शाळा आठवते म्हणे, पहिली पाटी आठवते. मला नानासाहेबांचे दोन हात आठवतात.

मंडळ जुन्या ग्रंथांच्या वाचनाचं. महिन्याला एक पुस्तक, पहिल्या रविवारी बैठक. पुण्याहून येऊन बंगले बांधून राहिलेले पेन्शनर, दोन-तीन शिक्षक, स्टेशनात तिकीट खिडकीवर बसणारे दिघे, आणि मी. मी तेव्हा तळेगावात राहून धरणात जमिनी गेलेल्यांची पत्रकं लिहीत होतो. माझी भाषा फार ओरडते, जरा जुनं वाचा, असं कुणीसं म्हटलं म्हणून घोरावाडीला लोकल पकडून जाऊ लागलो. कान्ह्याला त्याच डब्यात वत्सलाबाई चढायच्या. कान्ह्याच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, दहा-बारा घरांची. तिथून सातवीची फायनल पास झालेल्या त्या पहिल्याच. खाली शाळेत मास्तरीण झाल्या होत्या. छत्री मिटून दाराशी उभी करायच्या, बसायच्या आणि महिन्याचं पुस्तक उघडून शेवटची पानं पुन्हा वाचायच्या. मी खिडकीतून लावणी बघत बसायचो. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, त्यांच्या पाठीवरची इरली, आणि एकीनं सुरू केलेलं गाणं पुढच्या खाचरात दुसरीनं उचललेलं. बाई एकदा म्हणाल्या, "तुम्ही पुस्तक वाचलेलं नसतं, म्हणून तुम्हाला बाहेर बघायला वेळ मिळतो." खरं होतं.

मंडळाची एक रीत होती आणि ती मला फार आवडायची. पुढच्या महिन्याचं पुस्तक कुणी निवडायचं, तर ज्याची पाळी त्यानं. मतं नाहीत, चर्चा नाही. व्हरांड्यात मध्यभागी एक पितळी फुल्यांचा पाट मांडलेला असायचा. पाळीवाल्यानं आपलं पुस्तक फडक्यात झाकून आणायचं, पाटावर ठेवायचं, फडकं उघडायचं आणि पहिलं पान मोठ्यानं वाचायचं. मग एक महिना ते पुस्तक सगळ्यांचं. नानासाहेबांच्या पत्नी, माई, यांनी ही रीत घातलेली. त्यांच्या माहेरी पाटावर जेवायला बसलेल्या माणसाला कुणीही उठवत नसत, तो कुणी का असेना. "माणसाला तो मान, मग पुस्तकाला का नको," असं त्या म्हणाल्या होत्या. एकदा एका मास्तरांनी भलं कंटाळवाणं काहीतरी आणलं होतं. सगळ्यांनी कपाळाला हात लावला आणि सगळ्यांनी ते वाचलं. पाटावर आलेलं उठवायचं नाही.

त्या रविवारी पाळी वत्सलाबाईंची होती. मंडळात आल्यापासूनची त्यांची पहिलीच.

पाऊस आडवा होता. दरीतून ढग वर येत होते आणि सरळ व्हरांड्यात शिरत होते. समोर बसलेल्या माणसाचा चश्मा मध्येच पांढरा व्हायचा. आधीच्या महिन्यात आम्ही एक जुनं नाटक वाचलं होतं. नावं मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही पुस्तकावर बोलायला लागाल आणि माणूस बाजूला राहील. त्या नाटकात एकाची जागा दुसरा बळकावतो आणि दरबार गप्प बसतो. त्या दरबारावर नानासाहेब तासभर बोलले. शेवटी त्यांनी डोळे पुसले. आम्हीही पुसले. मग दिवाणखान्यातल्या घड्याळाकडं बघून ते म्हणाले, "हं, पुढचं पुस्तक."

बाईंनी पिशवीतून लाल खारव्याचं गाठोडं काढलं. दिघे म्हणाले, "बाई, आत पुस्तक आहे का भाकरी?"

"दोन्ही आणलंय. भाकरी तुम्हाला एकट्याला, पुस्तक सगळ्यांना."

सगळे हसले. बाईंनी पाटावर फडकं उघडलं. आत शिळाछापाची पोथी होती, लांबट सुट्या पानांची, दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरलेली. पानांच्या कडा हातांनी काळ्या झालेल्या. मी तशी पोथी देवळात लांबून बघितली होती. इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो.

नानासाहेब पुढं वाकले. "ही पोथी आहे."

"होय."

"बाई, आपलं मंडळ अभिजात वाङ्मयाचं आहे. हे श्रावणात देवळात बसून ऐकायचं."

"ऐकतातच आमच्याकडं. माझे वडील वाचतात. मी इथं वाचायला आणलंय, ऐकवायला नाही. हिच्यात एक प्रसंग आहे, त्यावर मला तुमच्याशी भांडायचंय."

काय छान वाक्य होतं. 'तुमच्याशी भांडायचंय.' इतकी वर्षं त्या व्हरांड्यात पुस्तकांवर माना डोलत होत्या. पुस्तक घेऊन भांडायला आलेलं पहिलं माणूस ते. बाईंनी वरची पट्टी बाजूला केली, पहिलं पान उचललं, आणि नानासाहेब म्हणाले, "अरे, इथं तर गळतंय."

गळत होतं, खोटं नाही. कौलांच्या सांध्यातून एक थेंब पाटाच्या कडेला पडला. नानासाहेब उठले. त्यांनी बाईंच्या हातातलं पान घेतलं, पोथीवर ठेवलं, पट्टी लावली, पोथी दोन्ही हातांनी उचलली आणि कपाळाला लावली. कपाळाला लावली, हे लक्षात ठेवा. मग दिवाणखान्यात जाऊन ती काचेच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि येताना एक जाडजूड परदेशी कादंबरी घेऊन आले, मेणकापडाचं वेष्टण घातलेली. ती पाटावर ठेवली. "तोवर हे राहू दे. हे भिजत नाही."

थेंब त्या मेणकापडावर पडायला लागले.

चहा आला. बिस्किटं आली. मग त्यांनीच विषय संपवल्यासारखं म्हटलं, "तर या महिन्यात हे."

मी म्हणालो, "पाळी बाईंची आहे."

"पाटावर काय आहे?"

"तुम्ही ठेवलंत ते."

"मग आता मी उठवू? रीत तुम्हाला ठाऊक आहे."

"रीत बाईंच्या पुस्तकाला लागू नव्हती का?"

"त्यांचं वाचन झालंच नव्हतं. पान वाचल्याशिवाय पुस्तक पाटावर आलं असं होत नाही. शिवाय मी ते जपून ठेवलंय. अहो पत्रकवाले, सगळीकडं कारस्थान बघू नका."

दिघे कपात तोंड घालून पुटपुटले, "पाट हातभर सरकवला असता तरी चाललं असतं." ते ऐकू सगळ्यांना गेलं. कुणी काही बोललं नाही. दरबारावर बोलून दमले होते बिचारे.

वत्सलाबाईंनी खारव्याची घडी घातली. माई दारात उभ्या होत्या, हातात रिकामी कपबशी. त्या म्हणाल्या, "अगं, पोथी तरी ने."

"राहू द्या माई. पाटावर ठेवली होती. पाटावर आली की नेईन."

परतीच्या गाडीत डबा रिकामा होता. घाटाखालून आलेली मालगाडी शेजारच्या रुळावर धापा टाकत उभी होती. मी तावातावानं म्हणालो की उद्याच पत्रक काढतो, सगळ्या तालुक्यात वाटतो. कामशेत गेल्यावर बाई म्हणाल्या, "नको. तुमच्या पत्रकात मी आदिवासी भगिनी होईन. तिथं मी मंडळाची सभासद होते, माझी पाळी होती. तेवढंच लिहिता आलं तर लिहा."

"कुठला प्रसंग होता बाई? भांडायचा?"

"तो पाटासमोर." आणि छत्री उचलून उतरल्या.

श्रावणात मी त्यांच्या वाडीवर गेलो. खाचरांच्या बांधावरून, ओहोळातून, चप्पल हातात घेऊन. लावणी उरकली होती आणि आंबेमोहोराची रोपं अजून अंग धरत होती. पावसात गुरांचा, धुराचा आणि टाकळ्याच्या भाजीचा वास मिसळला होता. दिवेलागणीला बाईंच्या ओसरीवर माणसं जमली. बाईंचे वडील धोंडूआबा घोंगडी टाकून बसले. समोर चौरंग. चौरंगावर घडी घातलेला तो लाल खारवा, आणि त्यावर काही नाही.

आबांनी हात जोडले आणि म्हणायला सुरुवात केली. तोंडपाठ. आवाज काही फार गोड नव्हता, पण चालीत बसलेला होता, उतारावरून बैलगाडी यावी तसा. लोक पुढं सरकले. एक कडवं, दुसरं, मग कथा तापायला लागली, आणि आबा थांबले. ओठ हलले. पुन्हा मागच्या ओळीवर गेले, तिथून धाव घेतली, पुन्हा त्याच जागी थांबले.

एक म्हातारी म्हणाली, "म्होरं काय झालं, आबा?"

"म्होरलं पान लोनावळ्याला हाय."

पोरं फिदीफिदी हसली. आबा हसले नाहीत. म्हातारी उठली, लुगडं झटकलं. "मंग ते येस्तवर त्या बिचाऱ्याला तसंच रानात हुबं ठिवनार व्हय?" कथेतला कुणीतरी रानात अडकला होता. माणसं उठली. श्रावणभर तो रोज त्याच जागी अडकत राहिला, असं बाईंनी नंतर सांगितलं.

मी आबांना म्हटलं की पुण्यात नव्या छापाची मिळते, आणून देतो.

"आन की. न्हाई म्हनत न्हाई." त्यांनी चंची सोडली. "पर हितं माज्या आज्यानं बोट ठिवलं, तितं बापानं, त्यानं त्या जागा काळ्या झाल्यात. मला अक्षर दिसत न्हाई आता, भाऊ. त्या काळ्यावर बोट ग्येलं की म्होरलं येतं." मग जरा वेळानं, "ते सायेब वाचत्यात का तरी?"

"नाही आबा. कपाटात आहे."

"मंग बुरशी लागंल. रोज हात लागाया पायजे तिला."

बाई आत चुलीपाशी होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "आबा, जाऊ का आणायला? जाऊन मागते."

आबांनी तंबाखू मळली, बराच वेळ मळली. "तू कशी ठिवलीवतीस?"

"पाटावर."

"मंग चोरावानी कपाटातनं कशाला आनतीस."

मी निघालो तेव्हा बाईंनी चौरंगावरचा खारवा उचलला आणि माझ्या हातात दिला. "तुमची पाळी कधी?" म्हणाल्या. मी म्हटलं, मार्गशीर्षात. "मग हे न्या."

मार्गशीर्षात लोणावळ्याचं आकाश धुतल्यासारखं असतं. गवत पिवळं पडायला लागलेलं, राजमाची स्वच्छ दिसते, व्हरांडा कोरडा ठणठणीत. छपरातून थेंब गळण्याची सोय नव्हती. मी पाटावर खारवा ठेवला, नीट, चौकोनी.

नानासाहेब म्हणाले, "उघडा."

मी उघडला.

"यात काही नाही."

"नाही."

"पुस्तक कुठंय?"

"तुमच्या कपाटात. ते इथं येईपर्यंत महिन्याचं वाचन हेच. पहिलं पान वाचतो." आणि मी गप्प बसलो. पोथीचं एक पान वाचायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ बसलो. बाहेर कुठंतरी चिक्कीचा गूळ कढत होता, त्याचा वास आला. दिघ्यांच्या पोटातून हसू येत होतं, घातलेली मांडी हलत होती. नानासाहेबांचा हात एकदा पुढं आला आणि फडक्याच्या कडेपाशी थांबला. समोर माई उभ्या होत्या. हात मागं गेला.

तो महिना मंडळानं काही वाचलं नाही. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी रोज सकाळी उठून विचार करायचो की बारा सुशिक्षित माणसं आज एका रिकाम्या फडक्याचा कितवा अध्याय वाचत असतील. सूड घेतल्यावर मन पोकळ होतं, असं पुस्तकांत असतं. माझं झालं नाही. मला चांगली भूक लागायची.

पुढच्या बैठकीला गेलो तर पाट नव्हता. टेबल होतं. शिसवी, गोल, वर काच. नानासाहेब म्हणाले की खाली बसून सगळ्यांचे गुडघे दुखतात, आता टेबलाभोवती बसू, आणि टेबल आलं म्हणजे पाळ्याही नव्यानं लावू. झालं. रीत पाटाची होती, पाटच गेला. मागाहून लागलेल्या नव्या पाळ्यांत दोन नावं नव्हती, बाईंचं आणि माझं. मला ते सांगायला दिघ्यांना धाडलं. ते स्टेशनाबाहेर भेटले. म्हणाले, "तुम्ही येऊ नका असं सांगायला मला सांगितलंय. सांगितलं. चला, आता चहा घेऊ."

चहा पिताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. नानासाहेबांनी गड्याला पाट माळ्यावर टाकायला सांगितला होता. माईंनी टाकू दिला नाही. पाट त्यांनी उचलून स्वयंपाकघरात नेला, वरच्या फडक्यासकट, जसाच्या तसा. अजून तिथं आहे. रोज भोवतीनं सारवतात, पण फडकं हलवत नाहीत. "विचारलं मी," दिघे म्हणाले, "तर म्हणाल्या, कुणाची तरी जागा आहे ती."

धरणात जमिनी गेलेल्यांच्या आमच्या समितीतले लोक मला हसतात. गावंच्या गावं पाण्याखाली चालली आणि तू एका पोथीला धरून बसलास, म्हणतात. मी त्यांना सांगतो की नीट बघा, तेच हात आहेत. गावं घेताना सरकारातले लोक काय म्हणाले होते? तुमच्या भल्यासाठी, जपून ठेवू, दुसरीकडं नीट बसवू. आधी दोन्ही हातांनी उचलायचं. कपाळाला लावायचं, म्हणजे कुणाला बोलता येत नाही. मग मागं वळून बघितलं तर आपल्या जागी दुसरंच काहीतरी मेणकापड नेसून बसलेलं असतं आणि ते उठवायचं म्हटलं की रीत आडवी येते. नानासाहेब दुष्ट नाहीत. ते कुणाला शिवी देत नाहीत, विडी ओढणाऱ्याला घरात घेतात, जुन्या नाटकांवर रडतात. दुष्ट माणसावर मला इतका राग आला नसता.

मंडळ यंदा कुठलं पुस्तक घेणार यावर, कळलं ते असं, दोन गट पडलेत. एकाला एक महाकाव्य हवंय, दुसऱ्याला एक कादंबरी. फार चुरस आहे म्हणे. आणि तिकडं ओसरीवर धोंडूआबा परवापासून पुन्हा बसतील. यंदा त्यांना मागच्यापेक्षा कमी आठवतं. गेल्या आठवड्यात बाई स्टेशनात भेटल्या, तेव्हा त्यांनीच सांगितलं: घरात म्हणून बघतात, तर रानापर्यंतही पोचत नाहीत आता, अलीकडच्या ओढ्यापाशीच थांबतात. मी म्हटलं, बाई, जाऊन आणू या का सरळ? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तिकिटाचे नवे पैसे मोजायला लागलो.

मला नानासाहेबांची माफी नको. ती त्यांनी चांगल्या भाषेत मागितली असती, आणि सगळे म्हणाले असते की माणूस किती मोठा. मला हवाय तो सूड लहान आहे. त्यांनी खाली बसावं, गुडघे दुखत असले तरी बसावं, आणि वत्सला गवारी पहिलं पान वाचत असताना त्यांना बोलायला काही सुचू नये. नंतर त्या भांडतील. त्या भांडणात ते हरावेत, अशीही माझी इच्छा आहे.

बैठक सर्वांना खुली आहे, असं नानासाहेब दर वर्षी अभिमानानं सांगतात. येत्या रविवारी आहे. मला बंदी आहे, तुम्हाला नाही. तर तुम्ही जा. पुण्याहून या, तळेगावाहून या, सोमाटण्याहून चालत स्टेशनावर या. टेबलाशी बसू नका, खाली फरशीवर बसा. महाकाव्य की कादंबरी असं विचारलं तर उत्तर देऊ नका. माईंना म्हणा, पाट आणा. त्या आणतील. फडक्याला हात लावू नका. नानासाहेबांकडं कपाटाची किल्ली मागा, एकदा मागा आणि मग त्यांच्या तोंडाकडं बघत बसा. पोथी फडक्यावर आली की दिघ्यांना कान्ह्याला निरोप द्यायला सांगा.

आणि बाई येऊन बसेपर्यंत उठू नका.